आधीच खेळून झालेला गेम

लग्नात माझं नाव बदललं. तांदळाच्या ताटात अंगठीनं लिहिलेलं नवं नाव मला वाचायला सांगितलं आणि मी ते मोठ्यानं वाचलं. नाव चांगलं होतं, तक्रार करण्यासारखं काही नव्हतं. येलदरीच्या कॉलनीत राहायला आल्यावर सगळे मला त्याच नावानं ओळखू लागले. जुन्या नावानं हाक मारणारे लोक देवगाव फाट्यावर उतरून पुढं बैलगाडीनं जावं लागायचं अशा माझ्या माहेरीच राहिले. म्हणून त्या दिवाळीनंतर एका संध्याकाळी कॉम्प्युटरनं जेव्हा इंग्रजीत विचारलं की तुझ्या वीराचं नाव काय, तेव्हा मी काही विचार न करता माझं माहेरचं नाव टाइप केलं.

हे शेजारच्या खुर्चीवर बसले होते. वाचून हसले.

"हे कोन?" म्हणाले.

"मीच की. तुमाला भेटायच्या आधीची."

"बरं मंग, चला बाई," ते म्हणाले, आणि मला वाटतं लग्नानंतर पहिल्यांदाच मला ह्या माणसाबद्दल मनापासून माया वाटली.

हे येलदरीच्या जलविद्युत केंद्रावर ज्युनियर इंजिनिअर होते. माणूस कमी बोलणारा. चिडायचे नाहीत, ओरडायचे नाहीत, जेवणाला नावं ठेवायचे नाहीत. पण मनात काय चाललंय हे कधी कळायचं नाही. लग्न होऊन सहा-सात महिने झाले तरी आम्ही एकमेकांशी पाहुण्यांसारखं वागत होतो. भाजीत मीठ बरोबर आहे का, मी विचारायची. हे 'हो' म्हणायचे. आज ड्यूटीची पाळी कोणती आहे, मी विचारायची, हे सांगायचे. संध्याकाळी दोघं धरणाच्या भिंतीवरून फिरून यायचो. पाणी सोडायच्या आधी भोंगा वाजायचा, तेवढंच काय ते बोलायला निमित्त.

कॉम्प्युटर माझ्या दिरानं आणला. तो पुण्याला एका कंपनीत होता, तिथं नवी मशिनं आली तेव्हा जुनं त्याला मिळालं, आणि त्याच्या खोलीत जागा नव्हती. दिवाळीला जीपमध्ये गोधडीत गुंडाळून घेऊन आला. कॉलनीतली निम्मी माणसं बघायला आली होती. जाताना त्यानं फ्लॉपींची एक चळत दिली आणि म्हणाला, "वैनी, हा गेम नवा निघालाय. माझ्या मित्राच्या भावानं अमेरिकेतून आणला, अजून पुण्यातसुद्धा कुनी बघितला न्हाई. एकट्यानं खेळायचा असतो, पन तुमी दोघं मिळून खेळा." कुठल्या बटणानं चालायचं, कुठल्या बटणानं बोलायचं, एवढं त्यानं दाखवलं. बाकी आम्हालाच शोधायचं होतं.

मी बी.एस्सी. झालेली. कॉलेजात असताना एकदा प्रदर्शनात कॉम्प्युटरवर मोटारींच्या शर्यतीचा गेम पाहिला होता, तेवढाच माझा अनुभव. म्हणजे वेगानं बटणं दाबायची, कुणालातरी मारायचं, गुण मिळवायचे, असं माझ्या डोक्यात होतं. हा तसा नव्हताच. पडद्यावर एक जळालेलं गाव होतं. माझी मुलगी, म्हणजे माझ्या नावाची ती वीर, त्या गावात राखेत उभी होती आणि तिला काय करायचं ते कुणीही सांगत नव्हतं. हवं तिकडं जा. घरात शिरा, विहिरीत वाका, माणसं भेटली तर बोला. माणसं तुम्ही काय बोललात ते लक्षात ठेवायची! पहिल्या दिवशी मी एका धनगराला उद्धटपणे उत्तर दिलं, तर तिसऱ्या दिवशी त्याच्या बहिणीनं आम्हाला घरात घेतलं नाही. मला तर त्याचं नवलच वाटलं. मी पीठ मळता मळता त्या धनगराचा विचार करायची.

गोष्ट अशी होती की एका जादूगारानं डोंगरात नदी अडवून ठेवली आहे, खालचा मुलूख वाळून चाललाय, आणि त्या नदीला मोकळं करायचंय. हे वाचून ह्यांना हसू आवरेना.

"नदी अडवनारा दुष्ट? मंजे आमचंच खातं की!"

"तुमच्याच साहेबाला मारायला निघालोय आपन," मी म्हणाले.

असं आम्ही त्याआधी कधी बोललो नव्हतो.

मग रोजचा नेम झाला. दिवाळीच्या सुट्टीनंतर मला कॉलनीतल्या शाळेत नोकरी लागली होती. एक बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि परत यायच्या नाहीत असं सगळे म्हणत होते. हेडमास्तरांकडं मला हेच घेऊन गेले होते. "हिला गणित चांगलं येतं," असं माझ्यासमोर, चारचौघांत म्हणाले होते. मी अजून कायम झाले नव्हते, पण जूनपासून करून घेऊ, असं हेडमास्तर म्हणाले होते. संध्याकाळी शाळेतून आले की चहा ठेवायचा, चहा घेऊन कॉम्प्युटरसमोर बसायचं. हे रात्रपाळीला निघेपर्यंत आमचा मुलूख आमचा. मी बटणांवर, हे बाजूला. इंग्रजी मी मराठीत सांगायची. अडलं तर दोघं मिळून डिक्शनरीत बघायचो.

ह्यांचं ते बाजूला बसणं मला अजून आठवतं. मी एखाद्या दारापुढं थांबले की हे चहाचा घोट घेत, सहज म्हणत, "त्या म्हाताऱ्याला आधी विचारून बगावं का?" किंवा, "जंगलातून जावं का काठाकाठानं जावं, काय म्हनतीस?" मग मीच ठरवायची. आणि माझं बरोबर निघायचं. जवळजवळ नेहमीच बरोबर निघायचं. नदीवरच्या नावाड्यानं पलीकडं न्यायला काहीतरी जिवाभावाचं मागितलं, तेव्हा मी तलवार न देता वीराच्या आईची बांगडी दिली. नावाडी हसला आणि त्यानं होडी सोडली. हे माझ्याकडं बघत राहिले. "मी असतो तर तलवार दिली असती," म्हणाले. "तुला कसं सुचतं ग हे?"

आणि दुसऱ्या एका संध्याकाळी पडक्या देवळात अचानक अंधारातून एक पंखांचं जनावर अंगावर आलं तेव्हा हे खुर्चीतून उडालेच. माझं मनगट घट्ट धरलं. चहा सांडला. नंतर आम्ही दोघं पोट धरून हसलो, आणि मग हसणं थांबल्यावरसुद्धा त्यांनी मनगट सोडलं नाही.

मी सुखात होते, हे सरळ सांगते. माझे वडील एकदा ज्वारीचं पोतं घेऊन आले होते. त्यांनी शाळेच्या फाटकाशी उभं राहून मला वर्गात शिकवताना लांबून पाहिलं. संध्याकाळी ओट्यावर बसून म्हणाले, "लई झाक झालं बाई. नवरा कदर करनारा, घरात लाइट जात न्हाई, अन् लेक मास्तरीन. अजून काय पायजे मानसाला?" मी आत कांदा चिरत होते. मला रडू आलं ते मी कांद्यावर ढकललं.

एकच काळजी होती. रात्रपाळी करून आल्यावर ह्यांना दिवसा झोप लागत नव्हती. मी संध्याकाळी यायची तेव्हा डोळे लाल, चेहरा ओढलेला. पाळी बदलून घ्या म्हटलं तर नको म्हणायचे. उलट दुसऱ्याच्या रात्रपाळ्याही मागून घ्यायचे. "संध्याकाळी तुझ्यासोबत बसायला मिळतं ना," असं म्हणाले होते. मी त्यांच्या टाळूला तेल थापायची. शेजारच्या पोरांना दुपारी खिडकीखाली खेळू नका म्हणून ताकीद दिली होती. दुधात जायफळ उगाळून ठेवून शाळेत जायची.

संक्रांतीला विद्यापीठाचं नामांतर झालं. इतकी वर्षं ज्यावरून मराठवाडा पेटत होता, विझत होता, ते अखेर झालं. माझी पदवी जुन्या नावाची आहे, ती आता कुठल्या विद्यापीठाची म्हणायची, अशी कुणीतरी चेष्टा केली. शाळेत एका मॅडमनी पेढे वाटले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी पेढा खाल्ला आणि त्यांना तिळगूळ दिला. स्टाफरूममधल्या एका सरांनी पेढा घेतला आणि टेबलावर तसाच ठेवून दिला. सगळ्यांनी तो पाहिला. दुसऱ्या दिवसापासून जिंतूरकडं जाणाऱ्या एसट्या बंद झाल्या. बाहेरगावचे शिक्षक येऊ शकले नाहीत, शाळेला सुट्टी दिली.

ती सुट्टी नसती तर कदाचित मला कधी कळलंही नसतं.

मी दिवसभर घरी होते. हे सकाळी पाळीवरून आले आणि मला घरात बघून जरा चुळबुळले, असं मला नंतर आठवलं. झोपले मात्र गाढ. दुपारी उठल्यावर मी म्हटलं, "आज फुरसतच फुरसत हाय. बसू या?" बसलो. आमची वीर एका मोठ्या गावात पोचली होती. दिव्यांचं गाव, वेशीला पहारेकरी, आत एक खानावळ. अशी चांगली जागा त्या गेममध्ये आम्हाला पहिल्यांदाच मिळाली होती. खानावळीची मालकीण गोड बोलायची. तिनं गरम कालवण वाढलं आणि विचारलं, मुली, कुठं निघालीस?

खाली दोन उत्तरं आली होती. एक खरं, एक खोटं. मी खऱ्यावर बोट नेलं.

"हिला खरं सांगू नको," हे म्हणाले. "पुढं पुलावर मानसं आनून उभी करते ही."

माझं बोट तिथंच थांबलं. मला सुरुवातीला नीट कळलंच नाही. वाटलं, माझंच काहीतरी वाचायचं राहिलं.

"कोनता पूल?"

"आं?"

"पूल कोनता म्हनते मी. अजून पूल कुठं आला?"

"असंल की. नदी हाय म्हनल्यावर पूल असनारच."

"अन् मानसं? अन् हिनं आनलेली?"

पडद्यावर मालकीण हसत उभी होती. तिला घाई नव्हती.

"तुमी खेळलात हे," मी म्हणाले.

"अगं, अंदाज…"

"तुमी पुढं जाऊन खेळलात. कधी?"

बराच वेळ हे नखानं टेबलाचा सनमायका खरवडत बसले. मग हळूच म्हणाले, "दिवसा. तू शाळेत गेल्यावर."

"रोज?"

"रोजच्या रोज न्हाई."

"किती पुढं गेलात?"

मी पुन्हा विचारलं.

"संपला," ते म्हणाले. "मागल्या महिन्यातच संपला."

गेममध्ये थांबताना आपण जिथं आहोत ती जागा जपून ठेवता यायची. हे दुपारी त्या जागेवरून पुढं जायचे, चुकायचे, मरायचे, पुन्हा सुरू करायचे, आणि आपली वाटचाल वेगळ्या फ्लॉपीवर ठेवायचे. माझी जागा जशीच्या तशी राहायची. संध्याकाळी मी येईपर्यंत त्यांना पुढचं सगळं ठाऊक असायचं. नावाड्याला तलवार दिली की तो मधोमध होडी उलटवतो, हे त्यांनी बुडून पाहिलेलं होतं. म्हाताऱ्याला न विचारता दार उघडलं की काय होतं, तेही. जायफळाचं दूध पिऊन ते बसत होते आणि मी बाहेर पोरांना गप्प करत होते.

मी विचारलं, "ते देवळातलं जनावर?"

"कोनतं?"

"तुमी दचकलात. माझा हात धरला. चहा सांडला."

ह्यांनी मान खाली घातली. "तू घाबरशील मनून मी आधीच…" एवढंच बोलले.

मला तेव्हा जे झालं ते नीट सांगता येणार नाही. रागाच्या आधी लाज वाटली. आपलं झाकलेलं काहीतरी कुणाला दिसल्यासारखी लाज. त्या संध्याकाळी मी मनापासून हसले होते, मनगट त्यांच्या हातात राहू दिलं होतं, आणि माझ्या शेजारी बसलेला माणूस आता जनावर येणार, आता उडायचं, अशी वाट बघत बसला होता. त्याला ते इतकं छान जमलं होतं!

"कामून केलं असं?" मी विचारलं.

"तुला आनंद व्हायचा ना," ते म्हणाले. त्यांचा आवाज खरोखर गोंधळलेला होता. "तू मेली असतीस पुन्हा पुन्हा. कंटाळून सोडून दिलं असतंस. मी नुसतं आधी बघून ठेवायचो. तुला तकलीफ होऊ नये मनून. ह्यात वाईट काय हाय?"

"माझी तकलीफ मला का न्हाई होऊ दिली?"

"गेम हाय ग तो. खामखा…"

"अजून काय बघून ठेवलंय?"

हे मी नुसतं रागानं बोलले. माझ्या मनात दुसरं काही नव्हतं. पण ह्यांचा चेहरा बदलला. इतक्या महिन्यांत मला तो वाचता येत नव्हता, आणि त्या दिवशी मात्र एकदम वाचता आला. मी खुर्ची त्यांच्याकडं वळवली.

"सांगा."

"बसून बोलू. आधी चहा ठेव."

"बसलेलीच हाय मी."

मग त्यांनी सांगितलं. त्यांची बदली झाली होती. कोकणातल्या एका मोठ्या वीजकेंद्रावर. मार्चच्या आत हजर व्हायचं होतं. आणि ही बदली त्यांनीच मागितली होती, लग्नाच्याही आधी, तिथं पुढं बढती लवकर मिळते म्हणून. मंजुरी दिवाळीच्या आधी आली.

"दिवाळीच्या आधी," मी म्हणाले.

"हाव."

"अन् हेडमास्तरांकडं मला कोन घेऊन गेलं?"

ते फ्लॉपींची चळत सरळ करायला लागले.

"जूनला कायम करू म्हनले ते. तुमी तिथंच बसलेले होते. मान हलवली तुमी."

"तू किती खुश होतीस," ते म्हणाले. "म्हनलं, चार महिने तरी शिकवू दे. नंतर सांगू सावकाश."

माझे वडील फाटकाशी उभे राहून मला बघत होते त्या दिवशी हे त्यांच्या शेजारीच उभे होते. ह्यांना ठाऊक होतं. वडील ओट्यावर बसून बोलत होते तेव्हाही ठाऊक होतं, आणि त्यांना पान पुढं करत होते.

मी उठले आणि मागच्या दारी जाऊन भांडी घासायला बसले. घासलेलीच भांडी पुन्हा घासली. आत कॉम्प्युटर तसाच चालू राहिला होता. थोड्या वेळानं ह्यांनी तो बंद केल्याचा आवाज आला.

त्यानंतरच्या दिवसांत भांडण असं झालं नाही. ह्यांना भांडता येत नव्हतं आणि मला काय बोलावं सुचत नव्हतं. एसट्या सुरू झाल्या, शाळा सुरू झाली. शाळेत मी कुणालाच काही सांगितलं नाही. हेडमास्तर जूनच्या वेळापत्रकाबद्दल विचारायला आले तेव्हा मला त्यांना सांगावं लागलं. ते चष्मा काढून म्हणाले, "अहो पण साहेब तर त्या दिवशी…" आणि थांबले. माझ्या नवऱ्यानं काय केलं ते त्या क्षणी बाहेरच्या माणसाच्याही लक्षात आलं, आणि मला त्याचीही लाज वाटली.

सामान बांधायची वेळ आली तेव्हा मी सांगितलं की मी येणार नाही. वार्षिक परीक्षा होईपर्यंत इथंच राहीन, आईला बोलावून घेते.

"लोक काय म्हनतील?" ह्यांनी विचारलं.

"तुमी पुढं जा," मी म्हणाले. "पुढं जायची सवयच हाय तुमाला."

त्या बोलण्यानं त्यांना लागलं. लागावं म्हणूनच मी बोलले होते. ते फेब्रुवारीच्या शेवटी गेले. कॉम्प्युटर माझ्यासाठी ठेवून गेले. क्वार्टर मेपर्यंत ठेवायची परवानगी त्यांनी साहेबाकडून घेतली होती. ती मात्र घेतल्या दिवशीच मला सांगितली.

आई आली. तिला सगळं सांगितलं, गेमचं सोडून. गेमचं कसं सांगणार? बदलीचं ऐकून ती म्हणाली, "सांगत न्हाईत बाई पुरुष मानसं. तुझ्या बापानं बैलजोडी बदलली ते मला गोठ्यात वैरन टाकाया गेल्यावर कळलं. मी दुसऱ्याचेच बैल समजून हाकलाया लागले." ती हसली. मलाही हसू आलं. पण बैल दिसतात तरी, असं मनात आलं.

बरेच दिवस मी त्या पेटीला हात लावला नाही. एका रविवारी आई शेजारी पापड लाटायला गेली होती. मी कॉम्प्युटर सुरू केला आणि गेम अगदी पहिल्यापासून मांडला. नाव विचारल्यावर पुन्हा माझं तेच नाव घातलं. आता शेजारी कुणी नव्हतं, चहाचा घोट घेत सुचवणारं कुणी नव्हतं. म्हटलं, आता माझं मी खेळते. वाट तर ठाऊकच होती. मुद्दाम ती वाट सोडली, दुसरीकडं वळले.

मी पहिल्याच गावात मेले. विहिरीत वाकले आणि आतून कुणीतरी ओढलं. पुन्हा सुरू केलं, कुत्र्यांनी फाडलं. पुन्हा सुरू केलं, उपाशी मेले, कारण खायचं सोबत घ्यावं लागतं हे मला माहीतच नव्हतं. आधी कधी लागलंच नव्हतं. "जरा त्या कोठारात डोकावावं का," असं हे म्हणाले होते, आणि मी डोकावले होते, आणि मला वाटलं होतं की मी किती हुशार.

तिथं मी खऱ्या अर्थानं रडले. बदलीच्या दिवशी रडले नव्हते. गेम भयंकर अवघड होता. दोन महिने मी त्यात राणीसारखी चालत होते. एकेक दार माझ्या अकलेनं उघडतंय असं समजत होते, आणि पोरांना वर्गात गणितं सोडवून दाखवताना त्या अकलेचा थोडा तोरा माझ्या अंगात आला होता. तो सगळा त्यांनी दिलेला होता. त्यांनी नुसता आपला चेहरा खोटा केला नव्हता, माझाही केला होता. मी कोण, किती पाण्यात, हे मला कळूच दिलं नव्हतं.

त्यानंतर मी खेळत राहिले. आवडलं म्हणून नव्हे, हट्टानं. मरत राहिले. आई पापडाचं पीठ लागलेल्या हातांनी येऊन म्हणायची, "कामून बसलीस त्या पेटीपुढं? जेवायचं बग." परीक्षेचे पेपर तपासून झाल्यावर एका दुपारी मी त्या दिव्यांच्या गावात पोचले. मालकिणीनं कालवण वाढलं आणि विचारलं, मुली, कुठं निघालीस? मी खरं सांगितलं. मुद्दाम. पुढं पूल आला. धुक्यातला, लाकडी, सुंदर काढलेला पूल होता. त्यावर माणसं उभी होती आणि त्यांच्या मागं ती मालकीण, हातात कंदील घेऊन. मी तिला बघून घेतलं. मग कॉम्प्युटर बंद केला. त्या जादूगाराचं काय झालं ते मला आजही माहीत नाही. ह्यांना माहीत आहे, मी कधी विचारलं नाही.

मेमध्ये हे मला न्यायला आले. परभणीहून रेल्वेनं निघालो. शेजारीशेजारी जागा मिळाली नाही म्हणून दोघं समोरासमोर बसलो. दोन-तीन स्टेशनं गेली. मग मीच म्हटलं, "तिथं काय काय हाय, आत्ता सांगा. चांगलं वाईट सगळं. मी पोचायच्या आधी मला ठाऊक पायजे."

त्यांनी सांगितलं. पावसात भिंतींना ओल येते. बाजार लांब आहे. जवळच्या शाळेत विचारलं, जागा नाही, पुढच्या वर्षीही नसेल. बढतीला अजून दोघं पुढं आहेत. शेजारीण भांडकुदळ आहे. सांगताना ते माझ्याकडं बघत होते, शिक्षा भोगल्यासारखं एकेक सांगत होते. मी ऐकलं. पोचल्यावर एकेक गोष्ट पडताळून पाहिली. सगळ्या खऱ्या निघाल्या, शेजारीणसुद्धा.

संसार झाला. हे वाईट माणूस नव्हते, आणि त्या रेल्वेनंतर माझ्यापासून काही महत्त्वाचं लपवल्याचं मला तरी सापडलं नाही. मीच बदलले. त्यांना कसलं आश्चर्य वाटलं, कसला आनंद झाला, की माझी नजर आधी त्यांच्या चेहऱ्यावर जायची.

आमची मुलगी चालायला लागली तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. बाहेरून ह्यांची हाक आली, "अगं ये, ये लवकर! बग, पयलं पाऊल टाकलं!" मी ओल्या हातानं धावत गेले. पोरगी पलंगाचा आधार सोडून मधोमध उभी होती, डुलत होती. हे खाली बसून दोन्ही हात पसरून हसत होते, डोळ्यांत पाणी. आणि मी तिच्याकडं बघायचं सोडून त्यांच्याकडं बघत राहिले. मला वाटत होतं, हे काल तर नसेल झालेलं? मी बाजारात गेले होते तेव्हा? तेवढ्यात पोरगी दुसरं पाऊल टाकून त्यांच्या हातांत जाऊन पडली होती, आणि ते माझं बघायचं राहून गेलं.